पाठराखण

मराठीत 'पाठराखण' हा मोठा आपुलकीचा शब्द आहे. पूर्वी नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्याबरोबर माहेरची एखादी आत्या, मावशी किंवा धाकटी बहीण पाठवीत. तिला पाठराखीण म्हणत. परक्या घरात, परक्या माणसांत मुलगी अगदीच एकटी पडू नये, एवढाच त्यामागचा हेतू. पुढे हा शब्द लग्नघरातून बाहेर पडला आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत जाऊन बसला. आता मंत्र्याची पाठराखण त्याचा पक्ष करतो, साहेबाची पाठराखण त्याचे खाते करते आणि खेळाडूची पाठराखण त्याचा संघ करतो. शब्द तोच राहिला. पण ज्याची पाठ राखायची तो आता पुष्कळदा एकटा नसतो. चांगला घोळक्यात उभा असतो. एकटा असतो तो समोरचा.

हे सगळे मला सुचले ते एका फुटबॉल क्लबाच्या निमित्ताने. फुटबॉल म्हटल्यावर आमच्या काही प्राध्यापकांच्या कपाळाला आठी पडेल. कलाशाखेच्या मुलीला वार्षिकात लिहायला दुसरा विषय सापडला नाही का, असेही त्यांना वाटेल. पण काय करणार, मी कोल्हापूरची! आमच्याकडे मूल आधी चालायला शिकते, मग आपण कोणत्या पेठेचे ते शिकते आणि अक्षरओळख त्यानंतर होते. माझा थोरला भाऊ तालमीच्या संघातून खेळायचा आणि रात्री जागून टीव्हीवर इंग्लंडमधले सामने पाहायचा. त्याचा सारा जीव लिव्हरपूलवर. खोलीच्या दारामागे खुंटीला लिव्हरपूलचा लाल शर्ट कायम लटकलेला. त्यामुळे इंग्लंडच्या नकाशावर लंडनच्या आधी मला लिव्हरपूल दाखवता येऊ लागले.

तर त्या लिव्हरपूलची ही हकीकत. साल २०११. १५ ऑक्टोबरला लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेड यांचा सामना झाला. ही दोन शहरे एकमेकांना लागून असल्यासारखीच, पण वैर पिढ्यान्पिढ्यांचे. सामना १-१ असा बरोबरीत सुटला. एरवी लोक तो विसरूनही गेले असते. परंतु दुसऱ्या सत्रात लिव्हरपूलचा लुईस सुआरेझ आणि मँचेस्टरचा पॅट्रिस एव्हरा यांच्यात गोलजवळ बाचाबाची झाली. सुआरेझ दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वेचा. एव्हरा जन्माने सेनेगलमधल्या डकारचा, वाढला फ्रान्समध्ये, वर्णाने काळा. भांडण झाले स्पॅनिश भाषेत. सुआरेझने आपल्याला आपल्या रंगावरून पुन्हा पुन्हा 'नेग्रो' म्हणून हिणवले, अशी तक्रार एव्हराने सामना संपताच पंचांकडे केली.

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने तीन सदस्यांच्या स्वतंत्र आयोगापुढे हे प्रकरण ठेवले. आयोगाने दोघांच्या साक्षी घेतल्या, चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहिल्या, स्पॅनिशचे दोन जाणकार बोलावले आणि २० डिसेंबरला निकाल सांगितला : सुआरेझला आठ सामन्यांची बंदी आणि ४०,००० पौंड दंड. निकालाची कारणे मात्र ३१ डिसेंबरला प्रसिद्ध झाली. ते निकालपत्र ११५ पानांचे आहे. दादाने ते संगणकावर उतरवून ठेवले होते. पुढे काही वर्षांनी, बारावीच्या सुट्टीत, मी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढले. सांगायला हरकत नाही, त्या सुट्टीत वाचलेल्या कुठल्याही कादंबरीपेक्षा ते मला जास्त खिळवून ठेवणारे वाटले.

त्यात एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली आहे. सुआरेझ हा माणूस वर्णद्वेष्टा आहे की नाही, हा प्रश्न आयोगापुढे नव्हता. खुद्द एव्हरानेही तसे म्हटले नाही. प्रश्न एवढाच होता, की त्या दुपारी, त्या भांडणात तो शब्द वापरला गेला का, आणि कसा वापरला गेला. तो शब्द आपण एकदा उच्चारला हे सुआरेझने नाकारले नव्हते. 'आमच्याकडे तो शब्द सहज, सलगीने वापरतात' असे त्याचे म्हणणे. आयोगाने मात्र तो सात वेळा वापरला गेल्याचे मानले. सुआरेझने एव्हराच्या हाताला चिमटा काढल्याचे चित्रफितीत दिसते. वातावरण निवळावे म्हणून आपण तसे केले, असे त्याने आधी सांगितले आणि उलटतपासणीत ते टिकले नाही. ज्याची पाठ राखायची त्याचीच साक्ष अशी ठिकठिकाणी उसवत होती.

भाषेच्या जाणकारांचे मत मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. ते म्हणाले, उरुग्वेत हा शब्द ओळखीच्या माणसांत, मायेने, थट्टेने वापरतात हे खरेच आहे. पण एव्हरा सांगतो तशा प्रसंगी, तशा सुरात तो वापरला गेला असेल, तर तो खुद्द उरुग्वेतही अपमानास्पदच मानला जाईल. म्हणजे प्रश्न एका देशाच्या भाषेचा आणि दुसऱ्या देशाच्या गैरसमजाचा नव्हताच. शब्द कोण, कुणाला, कोणत्या वेळी म्हणतो, हा होता.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात सुआरेझने लिहिले, की त्याची बायको त्याला कधीकधी याच शब्दाने हाक मारते, आणि त्याची आजी आजोबांनाही तशीच हाक मारीत असे. हे वाचले आणि मी थबकले. कारण अशी आजी माझ्याही घरात होती.

मी वर्णाने काळी. 'सावळी', 'गव्हाळ', 'निमगोरी' ही सगळी विशेषणे स्थळांच्या जाहिरातींना लखलाभ असोत. मी सरळ काळी आहे. आजी मला 'काळे' म्हणूनच हाक मारायची. "काळे, ये गं, डोक्याला तेल लावून देते," असे तिने म्हटले की मी पाट घेऊन तिच्यापुढे बसायची. त्या हाकेत काही कमी आहे, असे मला कधी वाटले नाही. पंढरीचा विठोबाही काळाच की, असे ती म्हणायची आणि माझ्या गालावरून हात फिरवून बोटे कानशिलावर मोडायची.

नववीत असताना वर्गातल्या एका मुलाशी माझे बाकावरून भांडण झाले. हरत चालल्यावर त्याने भर मैदानात मला हाक मारली, "ए काळे!" अक्षरे तीच, शब्द तोच. पण सगळा वर्ग हसला आणि माझ्या अंगातून काहीतरी सर्रकन उतरत गेले. मी बाईंकडे तक्रार करायला निघाले, तेव्हा माझ्याच मैत्रिणींनी मला अडवले. तो मुलगा आमच्या वर्गाच्या कबड्डी संघाचा कणा होता आणि चार दिवसांनी अंतिम सामना होता. त्यांतली एक म्हणाली, "अगं, तुझी आजी पण तुला तेच म्हणते की!" यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. नववीतल्या मुलीला ११५ पानांचे निकालपत्र कोण लिहून देणार? पण आजीच्या हाकेचा असा साक्षीपुरावा व्हावा, याचे मला त्या मुलाच्या शिवीपेक्षा जास्त वाईट वाटले होते. माझ्या घरातली माया उचलून कुणीतरी माझ्याविरुद्धच वापरत होते.

म्हणून सुआरेझच्या आजीवर माझा पूर्ण विश्वास आहे. ती आजोबांना तशी हाक मारत असणारच. पण आजीची हाक ही आजीजवळच राहते. तिचा परवाना करून तो नातवाच्या खिशात घालता येत नाही.

आता क्लबाकडे वळू. खरे सांगायचे तर या प्रकरणात मला सुआरेझपेक्षा लिव्हरपूल क्लबाचेच कोडे जास्त पडले. निकाल जाहीर झाला त्याच रात्री क्लबाने पत्रक काढले. निकालाने आपल्याला आश्चर्य आणि निराशा वाटते, सुआरेझने वर्णद्वेषाचे कृत्य केलेले नाही अशी आपली दृढ समजूत आहे, आणि आरोप करणारा खेळाडू विश्वासार्ह नाही, असा त्याचा आशय होता. एव्हराने म्हणे पूर्वीही निराधार आरोप केले होते, असा टोलाही त्यात होता. निकालाची कारणे प्रसिद्ध व्हायला अजून अकरा दिवस होते, हे लक्षात घ्या. पाने उघडण्याआधीच क्लबाचे मत छापून तयार होते.

दुसऱ्या दिवशी, २१ डिसेंबरला, लिव्हरपूलचा विगनशी सामना होता. सरावासाठी संघ मैदानात उतरला तो एकजात सारखे टी-शर्ट घालून. पुढे सुआरेझचे चित्र, मागे त्याचे नाव आणि त्याचा सात क्रमांक. व्यवस्थापक केनी डॅलग्लिश यांनीही तो घातला. डॅलग्लिश म्हणजे लिव्हरपूलचे दैवतच. स्वतः खेळाडू म्हणून आणि नंतर व्यवस्थापक म्हणून त्या माणसाने क्लबाला काय दिले नाही? त्यांनी घातल्यावर दुसरा कोण नाही म्हणणार? संघातला ग्लेन जॉन्सन हा स्वतः कृष्णवर्णीय. त्यानेही तो शर्ट घातला. ते छायाचित्र जगभर गेले. सामना ०-० असा सुटला. त्याचे आता कुणाला काही आठवत नाही. टी-शर्ट आठवतात.

लिव्हरपूलने असे का केले? क्लबात सगळे वर्णद्वेष्टे भरले होते म्हणून, असे उत्तर देणे सोपे आहे आणि चुकीचेही. त्याचे उत्तर त्या शहराच्या एका जुन्या जखमेत सापडते, असे मला वाटते. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर गर्दीत चेंगरून लिव्हरपूलचे चाहते मेले. मृतांची संख्या पुढे ९७ झाली. पोलिसांनी दोष मेलेल्यांच्या आणि वाचलेल्यांच्याच माथी मारला. दारू पिऊन आलेल्या चाहत्यांनी हे घडवले अशी हाकाटी झाली. काही वृत्तपत्रांनी ती जशीच्या तशी छापली. मृतांच्या आयाबाप वर्षानुवर्षे झगडत राहिले. २०१२ च्या सप्टेंबरात स्वतंत्र समितीने सारी कागदपत्रे उजेडात आणली आणि २०१६ साली ज्युरीने निर्णय दिला, की हे मृत्यू बेकायदा कृतीने झालेले आहेत आणि चाहत्यांचा त्यात दोष नाही. म्हणजे सुआरेझच्या वेळी, २०११ च्या डिसेंबरात, त्या लोकांना न्याय मिळालेलाच नव्हता. हिल्सबरोच्या वेळी क्लबाचे व्यवस्थापक हेच डॅलग्लिश होते. एकामागून एक अंत्ययात्रांना ते जात राहिले होते.

ज्यांना वीसबावीस वर्षे खोटे ठरवले गेले, ते एखाद्या आयोगाचा निकाल ऐकतील तेव्हा आधी काय करतील? खांद्याला खांदा लावून उभे राहतील. बाहेरचे जग आपल्यावर उठले आहे, आपण आपल्या माणसाला सोडायचे नाही, हे त्यांनी रक्त देऊन शिकलेले होते. त्या क्लबाचे गाणेसुद्धा कुणालाही एकटे चालू न देण्याचे वचन देणारे आहे. ही सवय मला वाईट वाटत नाही. किंबहुना माणसांच्या ज्या थोड्या चांगल्या सवयी आहेत, त्यांतली ही एक आहे.

पण सवय डोळे मिटून चालते. हिल्सबरोला बळी पडलेले लोक एकटे होते. समोर पोलीस, वृत्तपत्रे, सरकार. इथे एव्हरा एकटा होता. समोर एक भलामोठा क्लब, त्याचे वकील, त्याचे दैवत आणि त्याचे चाळीसपंचेचाळीस हजार प्रेक्षक. तीच फळी, त्याच निष्ठेने उभी राहिली. फक्त या वेळी ती चुकीच्या बाजूला तोंड करून उभी होती. एकदा अन्याय सोसलेला माणूस पुढे कायम अन्याय सोसणाऱ्याच्याच बाजूला असेल, असे आपण धरून चालतो. तसे होत नाही. त्याला पुन्हा नव्याने बघावे लागते, की आज एकटे कोण आहे.

याचे परिणाम लवकरच दिसले. ३ जानेवारी २०१२ ला क्लबाने अपील न करण्याचे ठरवले. पण ते सांगतानाही आयोगावर ताशेरे ओढले. शिक्षा सोसतो, मात्र मानत नाही, असा एकूण सूर. वरच्यांनी असा सूर लावला की खालच्यांचा आवाज आपोआप चढतो. २८ जानेवारीला चषक स्पर्धेसाठी मँचेस्टर पुन्हा ॲनफिल्डवर आले, तेव्हा एव्हराच्या पायाला चेंडू लागला की प्रेक्षक हुर्यो उडवीत होते. तक्रार करणारा गुन्हेगार ठरला होता. मग ११ फेब्रुवारीला मँचेस्टरच्या मैदानावर सुआरेझने सामन्याआधी एव्हराशी हस्तांदोलन टाळले. सारे जग टीव्हीवर पाहत होते. दुसऱ्या दिवशी सुआरेझने, डॅलग्लिश यांनी आणि क्लबाचे व्यवस्थापकीय संचालक इयन एअर यांनीही क्षमा मागितली. मात्र ती त्या हस्तांदोलनाच्या प्रसंगाबद्दल होती. शर्टांबद्दल कुणी काही बोलले नाही.

हे लिव्हरपूलने करावे, याचे दुःख दादाला फार होते. कारण त्या शहराला काळ्या माणसाचे काहीतरी देणे लागते. अठराव्या शतकात आफ्रिकेतून गुलाम नेणाऱ्या जहाजांचे हे युरोपातले सर्वांत मोठे बंदर झाले होते. १९९९ साली तिथल्या नगरपरिषदेने या व्यापारातल्या शहराच्या सहभागाबद्दल रीतसर क्षमा मागितली आणि २००७ साली जुन्या गोदीवर गुलामगिरीचा इतिहास सांगणारे वस्तुसंग्रहालय उघडले. पण त्याच शहराच्या टॉक्स्टेथ भागात जन्मलेला हॉवर्ड गेल हा लिव्हरपूल क्लबाकडून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, आणि तो खेळला थेट १९८० साली. पुढे १९८७ साली जॉन बार्न्स आला. १९८८ साली शेजारच्या एव्हर्टन क्लबाच्या मैदानावर प्रेक्षकांनी त्याच्या दिशेने केळे फेकले. त्याने ते टाचेने सहज मागे उडवले. ते छायाचित्र प्रसिद्ध आहे. बार्न्सने किती सुरेख टाच मारली म्हणून आपण त्याचे कौतुक करतो. पण ते केळे त्याने एकट्याने उडवले, हे छायाचित्रात नीट पाहिले की कळते.

सत्य कळायला आणि कळलेले बोलायला माणसाला किती वर्षे लागतात? इथे आठ लागली. २०१९ च्या ऑक्टोबरात लिव्हरपूलचा जुना बचावपटू जेमी कॅरेगर आणि एव्हरा टीव्हीच्या एका कार्यक्रमात शेजारी शेजारी बसले होते. विगनला तो शर्ट घालणाऱ्यांत कॅरेगरही होता. त्याने एव्हराची तोंडावर क्षमा मागितली. क्लब म्हणून आपले फार मोठे चुकले, असे तो म्हणाला. तो शर्ट घालायचे कुणी ठरवले हे आपल्याला नक्की सांगता येत नाही, पण नाही म्हणण्याचे धैर्य आपल्यात नव्हते, असेही त्याने सांगितले. त्यानंतर क्लबाचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी पीटर मूर यांनी एव्हराला पत्र लिहून क्षमा मागितली. एव्हराने ती मोठ्या मनाने घेतली. कॅरेगरबद्दल मला आदर वाटतो. पण त्याच्या बोलण्यातले एक वाक्य मनातून जात नाही. 'कुणी ठरवले माहीत नाही.' समूहाची पाठराखण अशीच असते. ठरवत कुणीच नाही आणि घालतात सगळे.

मग क्लबाने करायचे तरी काय? आपला खेळाडू वाऱ्यावर सोडायचा? याचेही एक उदाहरण आहे, आणि गंमत म्हणजे ते एव्हराच्याच मँचेस्टर युनायटेडचे आहे. २०२० च्या नोव्हेंबरात त्या संघाच्या एडिन्सन कवानीने एका सामन्यात दोन गोल केले. मित्राने केलेल्या अभिनंदनाला समाजमाध्यमावर उत्तर देताना त्याने 'नेग्रितो' असा शब्द लिहिला. कवानीही उरुग्वेचाच. इथे भांडण नव्हते, समोर मित्र होता, शब्द मायेचा होता. म्हणजे ही शुद्ध आजीची हाक होती. तरीही त्याला तीन सामन्यांची बंदी आणि १,००,००० पौंड दंड झाला. उरुग्वेच्या साहित्य अकादमीने याचा निषेध केला, आणि मला विचाराल तर माझेही मन त्या अकादमीच्या बाजूला झुकते. ही शिक्षा मला कडक वाटते. पण क्लब कसा वागला ते पाहा. कवानीने मजकूर लगेच काढला, क्षमा मागितली. क्लबाने आरोपाला आव्हान दिले नाही. आमचा खेळाडू वर्णद्वेष्टा नाही, त्याचा हेतू वाईट नव्हता, असे सांगितले. आणि वर्णद्वेषाविरुद्धच्या लढ्याचा मान राखून शिक्षा स्वीकारली. शर्ट छापले नाहीत. खेळाडू आपलाच राहिला, आणि समोर कुणाला खोटे पाडावे लागले नाही.

कुणी म्हणेल, कवानीच्या प्रकरणात समोर तक्रार करणारा नव्हताच. त्यामुळे ते सोपे होते. खरे आहे. पण अवघड वेळी वागायचे कसे, हे सोप्या वेळीच शिकून ठेवावे लागते.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, असे समजण्याची सोय आम्हा कोल्हापूरकरांना राहिलेली नाही. अलीकडच्या वर्षांत आमच्या तालमींचे संघ हंगामासाठी नायजेरियासारख्या आफ्रिकी देशांतले खेळाडू आणतात. तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या पेठेच्या संघातल्या एका पोराने समोरच्या संघाच्या अशाच एका पाहुण्या खेळाडूला धक्काबुक्कीत रंगावरून काहीबाही म्हटले. तो मराठी शब्द त्या खेळाडूला कळला नसेल. पण मागून गॅलरीतून जे आवाज निघाले ते कळायला भाषा लागत नाही. तो मैदानातच उकिडवा बसला. मी बायकांच्या बाजूला बसले होते. मला तो 'ए काळे' पुन्हा ऐकू आला.

समोरच्या संघाने तक्रार केली. संयोजकांनी आमच्या पोराला दोन सामने बसवले. संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बैठक भरली. "पोरगं आपलं हाय," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "त्यो काय, हंगाम संपला की इमानात बसून जाणार. ह्ये पोरगं हितंच ऱ्हाणार हाय." यातला व्यवहार बिनतोड होता. शेवटी ठरले, की चौकातल्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचे : पेठ तुझ्या पाठीशी आहे. तालमीचा फळा लिहायचे काम माझ्या भावाचे, कारण त्याचे अक्षर सुरेख.

दादाने खडू घेतला. फळा ओल्या फडक्याने स्वच्छ पुसला. त्यावर पुढच्या सामन्याचा वार, तारीख आणि वेळ लिहिली. खाली लिहिले, 'सर्वांनी यावे.' आणि खडू ठेवून तो घरी आला. रात्री काही पोरे दारात आली, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "बंदी दोन सामन्यांची हाय, जन्माची न्हाई. त्याला उद्यापास्नं सरावाला याला सांगा. मी न्यायला येतो." दुसऱ्या दिवशी पहाटे तो खरेच गाडी घेऊन त्या पोराच्या दारात गेला. पोरगा बाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी आला. पण गाडीवर मागे बसून दोन महिने दादाशी एक शब्द बोलला नाही. पुढच्या हंगामात पहिल्या अकरात दादाचे नाव नव्हते. कारण गुडघ्याचे सांगण्यात आले.

दादाने हे लिव्हरपूलवरून शिकून केले का, असे मी त्याला एकदा विचारले. तो हसला. म्हणाला, "तसं काय न्हाई. फळ्यावर ते लिहिलं असतं तर त्यो समोरचा काळा पोरगा सकाळी चौकातनं जाताना कुणाला तरी विचारला असता, ह्ये काय लिवलंय म्हणून."

मला वाटते, पाठराखणीचा खरा कस इथे लागतो. आपल्या माणसाच्या पाठीशी उभे राहावे. त्याला सरावाला न्यावे, त्याची शिक्षा त्याच्याबरोबर सोसावी, तो चुकला असेल तर हे त्याला एकांतात सांगणारे पहिले माणूस आपण असावे. पण ती पाठराखण फळ्यावर लिहायची वेळ आली, शर्टावर छापायची वेळ आली, की समजावे, आता ती त्याच्यासाठी राहिलेली नाही. ती दुसऱ्या कुणालातरी वाचायला लावण्यासाठी आहे. आणि तो दुसरा बहुधा एकटा असतो.

दादाचा गुडघा खरोखरीच दुखू लागला आहे, त्यामुळे आता त्याचा खेळ कमी झाला. लिव्हरपूलचे सामने मात्र तो चुकवत नाही. दारामागचा लाल शर्ट विटला, तरी खुंटीवरून उतरलेला नाही. सुट्टीत घरी गेले की रात्री त्याच्याशेजारी बसून मीही सामना पाहते, आणि लिव्हरपूलने गोल केला की आम्ही दोघेही आरडतो. क्लब चुकला म्हणून आपला राहत नाही, असे थोडेच आहे?